त्या १२ मिनिटांत मी कोणाचा कामगार?

ताई, नमस्कार.

मी ३१ वर्षांचा, घोडपदेवला राहतो. चार वर्षं डिलिव्हरी करतोय, दोन ॲपवर. दुपारी जेवणाच्या ऑर्डरी, संध्याकाळनंतर किराणा. जुलैत पावसात करी रोडला पेव्हर ब्लॉकवरून गाडी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. जवळच्या नर्सिंग होममध्ये तारा घातल्या, ४१,००० झाले. मेव्हण्याकडून उसने घेतले. दीड महिना घरी बसलो. ॲपचा विमा आहे म्हणून क्लेम टाकला. शेवटची ऑर्डर रात्री ९:४० ला दिली होती, अपघात ९:५२ ला. पुढची ऑर्डर आली नव्हती. विमा ऑर्डर चालू असतानाच लागू, असं सांगून क्लेम नाकारला. दुसऱ्या ॲपवर मी लॉगिन होतो, पण ते म्हणाले, त्या दिवशी आमच्याकडे तुमची एकही ऑर्डर नाही. त्या १२ मिनिटांत मी कोणाचा कामगार होतो?

आता तारा निघाल्यात. बायको म्हणते, सोडा हे. तिच्या ओळखीने लोअर परळच्या एका ऑफिसात ऑफिस बॉयची नोकरी मिळतेय. पगार १५,०००, पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) आहे. ॲपवर पेट्रोल, सर्व्हिसिंग, मोबाइल जाऊन मला महिन्याला १८,००० सुटतात. वडील दाणाबंदरला माथाडी होते. ते म्हणतात, "आमचे सेठ रोज बदलायचे, पण बोर्ड तेच होतं. तुझं बोर्ड कुठाय?" मला उत्तर देता आलं नाही. मुलगी तीन वर्षांची आहे. काय करू?

— घोडपदेवहून एक रायडर

दादा,

आधी हाताचं. तारा निघाल्या असं लिहिलंत, पण मूठ पूर्ण वळते का ते लिहिलं नाहीत. उजवा हात म्हणजे ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. घरी ओला टॉवेल दोन्ही हातांनी पिळून पाहा. कळ आली तर अजून गाडीवर बसू नका, नोकरीचं काहीही ठरो. केईएम तुमच्यापासून लांब नाही, तिथे फिजिओथेरपी मिळते. हाड जुळतं, पण आखडलेलं मनगट वर्षभर छळतं. क्लेमचं मी शेवटी सांगते. तोवर त्याचा एकही कागद फेकू नका आणि एकही मेसेज डिलीट करू नका.

तुमच्या वडिलांचा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबले. मी लालबागच्या चाळीत वाढले. आमच्या खालच्या खोलीत एक माथाडी काका राहायचे, पाटणकडचे. वर्षातून एकदा त्यांची पीएफची स्लिप यायची आणि ते ती माझ्याकडून वाचून घ्यायचे. वर त्यांचं नाव, नोंदणी क्रमांक, खाली आकडे. ज्यांच्या गोण्या ते वाहायचे, त्यांपैकी एकाही सेठचं नाव त्यावर नसे. मला नवल वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाले, "सेठचं नाव कशाला पाहिजे? पैसे माझे आहेत."

या एका वाक्यात सगळं आलं. हमालाला मालक नव्हता असं नव्हे, त्याला दिवसाला पाच मालक होते. आणि पाच मालक असले की कायद्याच्या नजरेत एकही नसतो, कारण प्रत्येक जण म्हणतो, हा आमचा नोकर नाही, दोन तासांसाठी आला होता. तुम्हाला दोन्ही ॲपनी जे ऐकवलं तेच हमालांनी मस्जिद बंदरच्या गल्ल्यांत वर्षानुवर्षं ऐकलं होतं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, लढे झाले, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याने मालक कोण हा वाद सोडवत बसण्याऐवजी दोघांच्या मध्ये बोर्ड उभं केलं. व्यापाऱ्याने नोंदणी करायची, हमालांच्या टोळीने नोंदणी करायची. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही, म्हणजे जादा रक्कम, बोर्डात भरणार, बोर्ड हमालाला पगार देणार, आणि लेव्हीतून त्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी. बोर्डावर सरकार, मालक आणि कामगार तिघांची माणसं. सकाळी एकाच्या गोदामात, दुपारी दुसऱ्याच्या, तरी हिशेब एकाच नंबरावर. पुढे १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला.

आज याला पोर्टेबल बेनिफिट्स म्हणतात. म्हणजे काम बदललं, मालक बदलला, तरी माणसाबरोबर चालणारे हक्क. परिषदांमध्ये हे नवं म्हणून सांगितलं जातं तेव्हा मला दाणाबंदरची आठवण होते. बोर्डात सगळं आलबेल होतं असं मी म्हणणार नाही. लेव्ही बुडवणारे व्यापारी होते, नोंदणीबाहेर राहिलेले हमाल होते. पण तुमच्या वडिलांना म्हातारपणी जे मिळालं, ते कुणा सेठच्या मर्जीने मिळालं नाही.

तुमचं बोर्ड कुठाय? पूर्ण उभं नाही, पण पाया घातला गेलाय. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात 'गिग कामगार' (नेहमीच्या नोकरीबाहेर सुटी कामं करणारे) आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' (ॲपवरून काम करणारे) हे शब्द पहिल्यांदा देशाच्या कायद्यात आले. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची. कामगारांना दिलेल्या किंवा देय असलेल्या रकमेच्या ५ टक्के ही त्याची कमाल मर्यादा. त्या पैशातून आयुर्विमा, अपघात, आरोग्य, बाळंतपण, वृद्धापकाळ अशा योजना करायच्या. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांच्या मसुद्यात अट अशी होती, की एका ॲपवर वर्षात किमान ९० दिवस, किंवा एकाहून जास्त ॲपवर मिळून १२० दिवस काम झालेलं असावं. हे 'मिळून' तुमच्यासाठी फार मोलाचं आहे. दोन ॲपवर अर्धा अर्धा दिवस करणाऱ्याला दोन्हीकडून नाही म्हणण्याची सोय त्याने कमी होते.

पण दिवस मोजायचे तर पुरावा हवा. आयडी ब्लॉक झाला की ऑर्डरींची हिस्टरी गेली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून दर महिन्याच्या शेवटी दोन्ही ॲपच्या कमाईचे आणि दिवसांचे स्क्रीनशॉट काढा आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवा. आणि केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंदणी करा. आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल लागतो, पैसे लागत नाहीत, मदतीला १४४३४ हा नंबर आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲपवरच्या कामगारांना ई-श्रमवर ओळखपत्र आणि आयुष्मानची आरोग्य योजना द्यायचं जाहीर झालं, तेही या नोंदणीच्याच वाटेने. एक घोळ आधीच सांगून ठेवते: ई-श्रमवर १२ आकडी यूएएन (खाते क्रमांक) मिळतो आणि पीएफलाही १२ आकडी यूएएन असतो. नाव एकच, नंबर वेगळे. पीएफच्या फॉर्मवर ई-श्रमचा नंबर लिहून महिनोन् महिने अडकलेले लोक मी पाहिलेत.

राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये स्वतःचे कायदे केले. कर्नाटकात तर प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क आहे. ते वाचलं तेव्हा मला लगेच लेव्ही आठवली. ज्या राज्याने माथाडी कायदा केला, त्याने यात मागे का राहावं, हे तुम्ही आणि तुमच्यासारख्या रायडरांनी एकत्र येऊन विचारायला हवं. एकट्याने विचारलेलं कुणी ऐकत नाही, हे वडील तुम्हाला सांगतील.

आता नोकरीचं. तुमचा १८,००० आणि नोकरीचा १५,००० हे आकडे शेजारी ठेवून तुम्ही पाहताय, आणि ३,००० चं नुकसान दिसतंय. प्रत्यक्षात फरक त्याहून मोठा वाटेल, कारण १५,००० मधून पीएफचे १,८००, ईएसआयचे ११३ आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात १२,८८७ येतील. तरीही हे वर्ष पूर्ण मांडा. दीड महिना घरी, म्हणजे साडेदहा महिन्यांची कमाई १,८९,०००. त्यातून हॉस्पिटलचे ४१,००० वजा करा. राहिले १,४८,०००. बारा महिन्यांनी भागलं तर १२,३३३. नोकरीत हातात येणाऱ्या पगारापेक्षा साडेपाचशे कमी! वर नोकरीत तुमचे १,८०० आणि मालकाचे १,८०० असे ३,६०० दरमहा तुमच्या नावावर जमा झाले असते. त्यातले साधारण १,२५० पेन्शन योजनेत जातात, बाकी पीएफमध्ये. आणि मनगट मोडल्यावर ईएसआयमधून परळच्या महात्मा गांधी हॉस्पिटलात उपचार झाले असते, तुमचेच नव्हे, बायकोचे आणि मुलीचेही. पुरेशी वर्गणी भरली गेली असेल तर आजारपणाच्या दिवसांत ७० टक्के वेतनही मिळतं, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत.

तुम्ही म्हणाल, अपघात दरवर्षी थोडाच होतो. खरंय. पण मुंबईच्या पावसात रोज अकरा-बारा तास गाडीवर असणाऱ्याने तो कधीच होणार नाही असं धरून संसार मांडू नये. मेव्हण्याचे ४१,००० अजून फिटलेले नाहीत.

मी तुमच्या जागी असते तर नोकरी घेतली असती. तुमची बायको बरोबर बोलतेय. पण हो म्हणण्याआधी तिच्या ओळखीच्या माणसाला एक गोष्ट स्पष्ट विचारा: नेमणूकपत्रावर नाव कोणाचं असेल? ऑफिसचं की हाउसकीपिंगच्या कंत्राटदाराचं? लोअर परळच्या काचेच्या इमारतींत चहा देणारी, फायली नेणारी बरीच मुलं कंत्राटदाराकडे असतात. कंत्राटदार असणं वाईट नाही, पैसे न भरणारा कंत्राटदार वाईट. पगारातून १,८०० कापले जातात आणि पीएफ कार्यालयात पोचत नाहीत, असं झालेलं मी जवळून पाहिलंय. आमच्या नात्यातल्या एका मुलाला सात महिन्यांनी कळलं. तोवर कंत्राटदार बदलला होता आणि जुना फोन उचलत नव्हता. म्हणून दुसरा पगार झाला की पीएफचं पासबुक ऑनलाइन उघडून पाहा, मालकाचा हिस्सा दिसतो का ते. ईएसआयचा नंबर पहिल्याच महिन्यात मागून घ्या. कंत्राटदार बदलला तरी यूएएन तोच ठेवायला सांगा, नवा उघडू देऊ नका. हे सगळं मिळत नसेल, नुसता १५,००० पगार आणि तोंडी आश्वासन असेल, तर ती नोकरी ॲपपेक्षा सुरक्षित नाही. मग हात बरा झाल्यावर गाडीच काढा.

गाडी काढलीत तर १८,००० तुमचे आहेत असं समजणं सोडा. बोर्ड नाही तोवर स्वतःची लेव्ही स्वतः काढा. आठवड्याचा पेआउट आला की त्याच दिवशी ६०० रुपये दुसऱ्या खात्यात, ज्याचं कार्ड खिशात नसेल अशा खात्यात. पेट्रोलच्याही आधी. महिन्याला २,६०० होतात. त्यातले ६३० अटल पेन्शन योजनेचे: ३१ व्या वर्षी सुरू केलं तर एवढ्या हप्त्यात ६० नंतर महिना ५,००० रुपये मिळतात. तुमच्यानंतर बायकोला तेवढेच, आणि दोघांनंतर नॉमिनीला साडेआठ लाख. तीस वर्षांनी ५,००० ला आजची किंमत नसेल, मी तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. पण ते बँकेतल्या तुमच्या नावावर आहे, ॲपच्या आयडीवर नाही. ४० नंतर यात शिरता येत नाही, आयकर भरणाऱ्याला घेत नाहीत, तुम्ही दोन्ही बाजूंनी बसता. उरलेल्या १,९७० मधून पडून राहण्याचा फंड बांधा. २७,००० झाले की दीड महिन्याची सोय झाली. साधारण चौदा महिने लागतील. तोपर्यंत त्याला हात लावायचा नाही, गणपतीलाही नाही.

बँकेत जाऊन आणखी दोन फॉर्म भरा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा, ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा. हप्ता आपोआप कापला जातो, म्हणून मे महिन्याच्या शेवटी खात्यात ५०० रुपये राहतील एवढं बघा. यात मनगट मोडल्याचा दवाखान्याचा खर्च मिळत नाही. २० रुपयांचा विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे.

दवाखान्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि आता रेशनकार्डाच्या रंगावर ती अडत नाही. मात्र उपचार यादीत असावा लागतो आणि हॉस्पिटल योजनेतलं असावं लागतं. तुम्हाला त्या रात्री जवळ दिसलं तिथे नेलं, त्यात कुणाची चूक नाही. पण आता घोडपदेव, परळ, भायखळा या तुमच्या पट्ट्यातली योजनेतली दोन हॉस्पिटलं बायकोला पाठ करून ठेवायला सांगा. तिथे आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांनाच गाठायचं. रस्ता अपघातासाठी मे २०२५ पासून केंद्राचीही योजना आहे, अपघातानंतर ७ दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस, ठरलेल्या हॉस्पिटलांत. पोलिसांकडे अपघाताची नोंद त्यासाठी लागते.

गाडीच्या पॉलिसीकडे एकदा नीट पाहा. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा भाग असतो, आणि भाड्याने किंवा माल वाहून नेण्यासाठी वापर चालणार नाही असं त्यात छापलेलं असतं. पाठीवर ऑर्डरीची बॅग असताना मोठा अपघात झाला तर विमा कंपनी तिथे बोट ठेवू शकते. एजंटला लेखी विचारा, डिलिव्हरीचा वापर धरून पॉलिसी कशी मिळेल. तोंडी "काय होत नाय" यावर विसंबू नका.

हे सगळं सांगताना मला एक गोष्ट टोचत राहते आणि ती तुमच्यापासून लपवणार नाही. माथाडीची लेव्ही हमाल भरत नव्हता, ज्याचा माल तो भरत होता. तुम्ही तुमच्या १८,००० मधून जे काढाल, ते तुमच्या मुलीच्या दुधातून आणि बायकोच्या औषधातून निघणार आहे. ज्यांच्या धंद्यासाठी तुम्ही पावसात भिजता, त्यांचा वाटा त्यात शून्य आहे. 'रायडरने बचत करायला शिकावं' असं कुणी सांगायला आलं तर त्याला तुमच्या वडिलांची स्लिप दाखवा. तुमची ६०० ची लेव्ही म्हणजे बोर्ड येईपर्यंत डोक्यावर धरलेली ताडपत्री आहे.

आता क्लेम. 'नाकारला' म्हणजे कोणी नाकारला? ॲपच्या चॅटवर सपोर्टवाल्याने सांगितलं, की विमा कंपनीने लेखी कळवलं? हा फरक फार मोठा आहे. चॅटवरच्या नकाराने क्लेम संपत नाही, कदाचित तो विमा कंपनीपर्यंत पोचलाही नसेल. ॲपला ईमेल करून पॉलिसी नंबर, तुमच्या नावाचं विमा प्रमाणपत्र आणि अटींची प्रत मागा. प्रत आली की नेमके शब्द वाचा: विमा 'ऑर्डर स्वीकारल्यापासून पोचवेपर्यंत' आहे, की 'लॉगिन ते लॉगआउट'? दुसरं असेल तर ती १२ मिनिटं तुमची आहेत. पहिलं असेल तर ऑर्डर दिल्यावर स्टोअरकडे किंवा झोनमध्ये परतण्याबद्दल काही लिहिलंय का ते पाहा, कारण तुम्ही परतत असाल तर ॲपच्या लोकेशनमध्ये ते नोंदलेलं असणार. दुसऱ्या ॲपकडेही हेच कागद मागा, तिथे तर तुम्ही लॉगिन होतात.

मग विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. पण विमा कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. पैसे मिळतीलच असं वचन मी देत नाही. ९:४० च्या डिलिव्हरीचा स्क्रीनशॉट, हॉस्पिटलचे केसपेपर, बिलं आणि एक्स-रे एका पिशवीत घाला. नकार चॅटवर आला की लेटरहेडवर, आणि त्यावर तारीख कोणती आहे, एवढं आज रात्री बघून मला कळवा. पुढचा अर्ज कसा लिहायचा ते मी सांगते.

तुमची ताई